निमीने लुटलेलं वाण

डिसेंबर संपत आला की आमच्या रस्त्याच्या कडेला बांबू रोवले जातात आणि त्यांच्यामध्ये गुलाबी दोऱ्यांचे पडदे ताणले जातात. पतंगाची दोरी घासणारे आलेले असतात. भाताची पेज, काचेची भुकटी आणि रंग यांचा ओला गोळा मुठीत धरून ते या बांबूपासून त्या बांबूपर्यंत दिवसभर फेऱ्या मारतात. पेजेचा किंचित आंबूस वास सुटतो, स्कूटरवाल्यांचे रुमाल गुलाबी होतात, आणि शेजारच्या गाडीवर हिरवागार पोंक, म्हणजे ज्वारीचा कोवळा हुरडा, लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर तोलला जातो. सुरतेची थंडी ती केवढी! सकाळी स्वेटर चढवायचा, अकराला काढून कमरेला बांधायचा. तरी या दिवसांत सगळं शहर जरा खुशीत चालतं. मीसुद्धा. भाजीवाल्याशी घासाघीस करताना माझा आवाज थोडा कमी लागतो, असं माझा मुलगा म्हणतो.

यंदा उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, तोंडावर आमच्या सोसायटीच्या वॉट्सअॅप गटावर एका तरुण आईने विचारलं, “माझा मुलगा पतंग कुणाला देत नाही. मुलांना शेअरिंग कसं शिकवायचं?” उत्तरांचा पाऊस पडला. कुणी म्हणालं, वस्तू दिली की तक्त्यावर एक चांदणी चिकटवा. कुणी गोष्टींची पुस्तकं सुचवली. एकीने तर दर रविवारी मुलाच्या हाताने दान करवून त्याचे फोटो काढायचा सल्ला दिला. मी काहीच लिहिलं नाही. मला जे लिहायचं होतं ते अंगठ्याने टाईप करण्याएवढं लहान नव्हतं. त्यात चहाच्या गाळण्या होत्या, तिळाचे लाडू होते, आणि माझी पाच वर्षांची धाकटी बहीण निमी होती.

नव्वदीतली गोष्ट आहे. आम्ही डिंडोलीच्या बाजूला एका नव्या सोसायटीत राहायला आलो होतो. एकाला एक चिकटलेली बैठी घरं, वर सगळ्यांची जोडलेली गच्ची, मागे एक भिंत. भिंतीपलीकडे नवागामच्या खोल्या. दिवसरात्र यंत्रमागांची खटखट चालायची. पहिल्या आठवड्यात आम्हाला झोप लागेना. नंतर वीज गेली आणि खटखट थांबली की जाग यायची. अण्णा, म्हणजे आमचे वडील, मराठी शाळेत शिक्षक होते. धुळ्याकडची माणसं आम्ही. घरात आई-अण्णा एकमेकांशी अहिराणीत भांडायचे, आमच्याशी पुस्तकी मराठीत बोलायचे, आणि दारात गुजराती सुरू व्हायची. निमीच्या तोंडात तिन्ही भाषा एकाच वाक्यात असत, आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे.

आई-अण्णांनी आम्हाला “वाटून खा” असं कधी सांगितल्याचं मला आठवत नाही. सांगायला त्यांना वेळ नव्हता. मात्र अण्णा रस्त्याने सायकलवर जाताना ज्याच्या हातात ओझं दिसेल त्याच्यापुढे ब्रेक लावायचे आणि मोठ्याने म्हणायचे, “टाक रे पिशवी कॅरिअरवर, माझी सायकल काय तुझ्या पिशवीने मरते?” देणं हे आमच्या घरात आवाज करून व्हायचं. आईचंही तेच. आमच्या अंगणात सोसायटीच्या बोअरचा नळ होता. दुपारी भिंतीपलीकडच्या बायका हंडे घेऊन यायच्या. आमच्याच मुलखातल्या, नवरे मागावर. सोसायटीच्या चिटणिसाने एकदा येऊन सांगितलं, “बेन, बाहेरच्यांना पाणी नका देऊ, मोटर जळेल.” आई कणीक मळत होती. मळतच म्हणाली, “मोटर जळली तर मी भरून देईन. बाई जळली तर कोण भरून देणार? उन्हात उभ्या आहेत त्या.” हे ती इतक्या मोठ्याने म्हणाली की नळावरच्या बायकांनी ऐकलं आणि चार दिवस त्या आईला पाहून हसत राहिल्या.

आमच्या भिंतीला भिंत लागून हंसामासी राहायच्या. अस्सल सुरती. बोलायला लागल्या की आम्हाला आवडणाऱ्या, पण द्यायच्या बाबतीत अगदी मुक्या. मागे एकदा कोपऱ्यावरच्या घरातल्या माणसाचा कारखाना बंद पडला तेव्हा त्या घरासमोर सकाळी तांदळाची पिशवी ठेवलेली सापडली. कुणी ठेवली ते कुणालाच कळलं नाही. मला कळलं, कारण पिशवीवर ज्या दुकानाचं नाव होतं त्याचीच पिशवी त्यांची मुलगी फाल्गुनी शाळेत डब्यासाठी वापरायची. फाल्गुनी माझ्याच वयाची. तीही तशीच. माझी पेन्सिल तुटली की ती फळ्याकडे बघतबघत स्वतःची पेन्सिल बाकावरून सरकवायची. मी “थँक्यू” म्हटलं की तिला राग यायचा. मी मात्र तिला खोडरबर द्यायचे तेव्हा सगळ्या वर्गाला ठाऊक व्हायचं. दोघी आपापल्या घरून शिकून आलो होतो आणि दोघींना ते माहीत नव्हतं.

तर, त्या वर्षी आईने ठरवलं की संक्रांतीचं हळदीकुंकू सगळ्या सोसायटीला बोलावून करायचं. त्याआधी आम्ही खोलीत राहायचो तेव्हा तिच्याकडे फक्त गाववाल्या बायका यायच्या. या सोसायटीत येऊन दोन वर्षं झाली तरी गुजराती बायका कुंपणावरून बोलायच्या, उंबरा ओलांडून आत येत नसत. आईला ते खुपायचं. “एकदा त्या घरात येऊन बसल्या की पुढचं सोपं,” ती म्हणायची. संक्रांतीच्या दिवशी सगळं सुरत पतंगासाठी गच्चीवर असतं, खाली कुणी उतरत नाही, म्हणून तिने हळदीकुंकूच गच्चीवर नेलं. “आपण वर गेलो नाही तर त्या कशा येतील,” हा तिचा हिशेब. वाण म्हणून चौटा बाजारातून चहाच्या गाळण्या आणल्या. स्टीलच्या, रंगीत मुठीच्या. खोकं पलंगाखाली ठेवलं आणि घरात जाहीर करून टाकलं, “माझ्याकडे आलेली एकही बाई रिकाम्या हाताने जाणार नाही.”

निमी हे सगळं ऐकत होती. तिचा त्या दिवसांतला आवडता खेळ म्हणजे हळदीकुंकू. ओढणीची साडी करायची, बाहुल्या ओळीने बसवायच्या, आणि प्रत्येकीला “घ्या, लुटा” म्हणत चिंचोके वाटायचे. या खेळात तिने एकदा कुंकवाचा करंडा नव्या चादरीवर उपडा केला. आईने तिला दोन धपाटे घातले आणि बजावलं, “कुंकवाला हात लावायचा नाही. कळलं? बाकी काय खेळायचं ते खेळ.” निमी आज्ञाधारक मूल होती. सांगितलेलं ती अक्षरशः पाळायची, आणि आमच्या घरातले बरेच घोटाळे त्यातूनच झालेले आहेत.

भोगीची दुपार. आई मागच्या ओट्यावर बाजरीच्या भाकरी थापत होती, वर तीळ दाबत होती. मिसळीच्या भाजीचा वास घरभर होता. मी गच्चीवर फाल्गुनीबरोबर पतंगांना कण्ण्या बांधत होते. खाली नळावर नेहमीच्या बायका आल्या. निमीने पलंगाखालून खोकं ओढलं, फरशीवरून फरफटत अंगणात नेलं, आणि एकेका बाईपुढे उभी राहून गाळणी देत गेली. “घ्या, लुटा. घ्या, लुटा.” बायकांना वाटलं, बाईंनीच पोरीला पाठवलंय. त्यांनी गाळण्या कपाळाला लावल्या, हंड्यांत टाकल्या आणि त्या गेल्या. खोक्याच्या तळाशी उरलेल्या गाळण्या निमीने नंतर भंगारवालीला, तिच्या सुनेला आणि रस्त्याने जाणाऱ्या दोन अनोळखी बायकांना दिल्या. काम अर्धवट सोडायची सवय तिला नव्हती.

संध्याकाळी आईने पलंगाखाली हात घातला. हात या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरला. मग ती उठून उभी राहिली.

“खोकं कुठंय?”

“अंगणात,” निमी म्हणाली.

“अंगणात कसं गेलं?”

“मी नेलं. आणि मी कुंकवाला हात लावला नाही.” तिला शाबासकी हवी होती.

आईने रिकामं खोकं पाहिलं. तिचा हात वर गेला, पण निमीच्या पाठीवर पडला नाही. हवेत थांबला आणि मग तिने तो स्वतःच्या कपाळावर मारून घेतला. अण्णा आरामखुर्चीत वर्तमानपत्रामागे हसत होते. कागद हलत होता.

“हसू नका,” आई म्हणाली.

“अगं, तिने काय वाईट केलं? तुला रोज बघते.”

“मला शिकवू नका. उद्या सगळी सोसायटी येईल, त्यांच्या हातावर काय ठेवू ते सांगा. चौट्याला पोचेपर्यंत आजचा बाजार बंद होईल, आणि उद्या? उत्तरायणाला सुरतेत दुकान कोण उघडतं?”

अण्णांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. “नळावर येणाऱ्या बायका ठाऊक आहेत आपल्याला. भिंतीपलीकडे जाऊन सांगतो, चुकून दिल्या म्हणून. देतील बिचाऱ्या परत.”

आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते आपोआप उठून उभे राहिले. “दिलेलं वाण परत मागायचं? त्यापेक्षा मी उद्या दार लावून बसते.” आणि मग ती खरोखरच रडायला लागली. आई रडते हे आम्हाला नवीन होतं. निमीही रडायला लागली, कारण सगळं नीट करूनही घरात असं का झालं ते तिला कळेना. आमची आणि हंसामासींची भिंत एकाच विटेची होती. पलीकडे पाटावरवंटा चालला होता, तो थांबला.

संक्रांतीच्या सकाळी उजाडताच गच्च्या भरल्या. एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर पतंग कापल्याच्या आरोळ्या, “एऽऽ लपेट!”, थाळ्यांचा गजर, कुणाच्या तरी टेपरेकॉर्डरची घरघर. उंधियूची पातेली कठड्यांवरून इकडून तिकडे चालली होती. आई स्वयंपाकघरात बसून होती. घरापुरता तिळगूळ होता. पाहुण्यांना चिमूटभर हलव्यावर वाटेला लावायचं, या विचाराने ती काळी पडली होती. तेवढ्यात फाल्गुनी मागच्या दाराने आली. हातात तिला जेमतेम उचलवेल असा पितळी डबा. तो तिने ओट्यावर ठेवला, “मम्मीए मोकल्या छे,” मम्मीने पाठवलेत, एवढं म्हणाली, आणि आई काही विचारायच्या आत पळाली.

डब्यात तिळाचे लाडू होते. गोल, एकसारखे, गुळाने चमकणारे, गळ्यापर्यंत भरलेले. आईने डब्यावर दोन्ही हात ठेवले. “सुटले ग बाई,” ती म्हणाली. मग पाटी, नवा रुमाल, हळद, कुंकू, अत्तरदाणी असं सगळं भराभर गोळा झालं. आईला दुःख करायला जेवढा वेळ लागायचा त्याच्या निम्म्या वेळात ती कामाला लागायची. हा गुण मी तिच्याकडून घेतलाय. घेतला म्हणण्यापेक्षा चिकटलाय.

मुलांना असं चिकटतं. माझ्या मुलाला मी एका वाढदिवशी अनाथाश्रमात नेलं होतं. त्याने सगळ्यांना वह्या वाटल्या आणि परत येताना रिक्षात विचारलं, “आता माझा केक कधी?” मी मनात म्हटलं, फुकट गेलं. मग एकदा मे महिन्यात पार्सल घेऊन एक मुलगा दारात आला, घामाने निथळत. मी आत होते. माझा मुलगा त्याला म्हणाला, “पाणी पिता का? बोला लवकर, पंख्याखाली या, दार उघडं राहिलं की डास येतात.” शब्द माझे, सूर माझा, खेकसणंसुद्धा माझं. मी हातातली पोळी तव्यावर तशीच सोडून ऐकत राहिले. मी हे त्याला कधीच शिकवलं नव्हतं. नुसतं दर उन्हाळ्यात दारात उभं राहून केलं होतं. पाणी देण्याची सवय लागली हे छान; खेकसणं वगळून लागली असती तर जास्त छान. पण मुलं निवडून घेत नाहीत, सबंध उचलतात.

दुपारी उन्हं कलली तशा गुजराती बायका आमच्या कोपऱ्यात जमायला लागल्या. सतरंजीवर बसल्या. चिटणिसाची बायको सविताबेन सर्वांत आधी, पाय पसरून. हंसामासी एका कडेला, पतंगांकडे बघत. आईने हळदीकुंकवाला सुरुवात केली तेवढ्यात जिन्यावर बांगड्या वाजल्या. एकामागून एक नळावरच्या बायका वर आल्या. ठेवणीतल्या साड्या, तेल लावून चोपलेले केस, कपाळं कोरी, आणि प्रत्येकीच्या हातात, पदराखाली झाकलेली, आमची गाळणी. पुढे शेवंताबाई होती, त्यांच्यातली सगळ्यांत ठसठशीत.

“काय वं शेवंताबाई?” आईच्या तोंडून निघालं.

“बाई, तुमनी धाकली पोरनी वाण दिधं, पन कुंकू नही लायं,” शेवंताबाई म्हणाली. “बिगर कुंकूनं वाण घरमा कसं ठेवानं? म्हनीसन उनूत आम्ही.”

निमी आईच्या मागून डोकावून म्हणाली, “मला कुंकवाला हात लावायचा नव्हता ना.”

अण्णा दुसऱ्या टोकाला पतंग उडवत होते. त्यांचा पतंग त्या क्षणी कापला गेला. त्यांना विचारलं तर ते सांगत, वाऱ्यामुळे.

सविताबेनने पाय आवरले. सतरंजीवर जागा होती, पण नळावरच्या बायका कठड्यापाशीच उभ्या राहिल्या होत्या. आईने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. “या, बठा,” ती म्हणाली, आणि शेवंताबाईला दंडाला धरून सविताबेनच्या शेजारी बसवलं. मग तिने ओळीने सगळ्यांना हळदीकुंकू लावलं. कुणाचं कपाळ कुठल्या भिंतीच्या अलीकडचं हे पाहिलं नाही. ज्यांना गाळण्या मिळाल्या होत्या त्यांनाही लाडू दिला, कारण गाळणी काल झाली आणि लाडू आजचा, असा तिचा सरळ हिशेब होता. डबा पुरला. आईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. 

आणि सविताबेनने लाडू चावला.

“ओय मा!” तिने गाल धरला. तोंडातून बोटाने काहीतरी काढलं. चार आण्याचं नाणं. सगळ्या बायका थांबल्या. मग शेवंताबाईने तिचा लाडू दोन हातांनी फोडला. “माय वं! पैसा!” आणि मग गच्चीभर लाडू फुटायला लागले. प्रत्येकात नाणं. कुणी हसत होतं, कुणी दात चाचपत होतं. वरून पतंग कापले जात होते आणि कुणी वर बघत नव्हतं.

“वाह भाभी!” सविताबेन म्हणाली. “तमे तो गुप्तदान कर्युं! अमारा रिवाज प्रमाणे!”

आईला शब्द कळले, प्रकार कळला नाही. मग बाकीच्या गुजराती बायकांनी एकदम सांगायला सुरुवात केली. उत्तरायणाला तिळाच्या लाडवात नाणं लपवून द्यायचं, कुणी दिलं ते बोलायचं नाही, न बोलता दिलेल्याचंच पुण्य मोठं. आणि महाराष्ट्रातून आलेल्या बाईने ते केलं! सगळ्या जणी आईकडे अशा पाहत होत्या की पुढची वीस वर्षं तिला या सोसायटीत कुणी परकं म्हणणार नाही, हे मलाही दिसत होतं. तिला हवं होतं ते तिच्यासमोर आयतं वाढलेलं होतं. फक्त गप्प बसायचं होतं.

हंसामासी आकाशात नसलेला पतंग शोधत होत्या. त्यांनी हळूच, कुणाला दिसणार नाही असं, आईकडे बघून मान हलवली. नको.

पण आमच्या घरात देणं आवाज करून व्हायचं, आणि दुसऱ्याचं देणं आपल्या नावावर घेणं तर होतच नव्हतं. आई गच्चीच्या मधोमध उभी राहिली. “थांबा,” ती म्हणाली, अण्णा पिशवीवाल्याला म्हणायचे त्याच आवाजात. “हे लाडू माझे नाहीत. माझं वाण कालच वाटून झालं. हे हंसाबेनचे आहेत. सकाळी त्यांनी डबा भरून पाठवला. जे काय पुण्य असेल ते त्यांचं.”

दोन गच्च्यांपलीकडच्या लोकांनीसुद्धा वळून पाहिलं. हंसामासींचा चेहरा लाल झाला. त्या उठल्या, साडी झटकली आणि जिना उतरून गेल्या.

“काय झालं?” आई म्हणाली. “मी खोटं बोलले का?”

“खरुं बोल्या,” सविताबेन नाणं पुसत म्हणाली. “एज तो थयुं. तेच तर झालं ना!”

आई आम्हा दोघींना घेऊन तशीच खाली गेली. हंसामासी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या होत्या. फाल्गुनी कोपऱ्यात.

“आखुं पुण्य धोई नाख्युं तमे, भाभी! सगळं धुऊन टाकलंत!” हंसामासी म्हणाल्या. राग खरा होता. “दर वर्षी मी मंदिराच्या पायऱ्यांवर देते. देणारा हात तरी दिसतो. या वेळी म्हटलं, तुमच्या हातून जाईल. घेणारीला माहीत नाही, देणारीलाही माहीत नाही. असं दान माझ्या सासूलाही जमलं नव्हतं! आणि तुम्ही गच्चीवर उभ्या राहून दवंडी पिटली.”

“मग मी काय करायला हवं होतं? माझी म्हणून वाहवा घ्यायची?”

“हा! घ्यायची! एवढं पण नाही जमलं तुम्हाला माझ्यासाठी?”

 हे आईला सुचलंच नव्हतं, की दुसऱ्याच्या भल्यासाठी कधी वाहवा सोसावीही लागते. ती पाटावर बसली आणि पदराने डोळे पुसायला लागली. “तुम्ही काल भिंतीतून ऐकलंत ना मला,” ती म्हणाली. “मी रिकाम्या हाताने उभी राहिले असते आज. मला ते लपवता आलं नाही, हंसाबेन. आमच्याकडे कुणी एवढं केलं तर नाव घेतात. नाही घेतलं तर माणूस कृतघ्न ठरतो.”

 हंसामासींनी फळीवरून तिळाची बरणी काढली आणि आईसमोर आपटली.

“काल वासी उत्तरायण छे,” त्या म्हणाल्या. गुजरातीत ‘काल’ म्हणजे उद्याही, आणि तो शिळ्या संक्रांतीचा दिवसही सणाचाच असतो, एवढं आईला दोन वर्षांत कळलं होतं. “फरी करवुं पडशे, पुन्हा पहिल्यापासून. बसलात तशा बसा, तीळ शेका. आणि या वेळी तोंडाला कुलूप.”

त्या संध्याकाळी हंसामासींच्या घरात गूळ वितळला, तीळ तडतडले. बाहेर शेवटचे पतंग आणि त्यांच्या दोऱ्यांना लटकलेले कागदी कंदील. आई पहिल्यांदा त्यांच्या स्वयंपाकघरात बसली होती, आणि बसली होती ती थेट लाडू वळायला. कुंपण, उंबरा हे मधले टप्पे राहूनच गेले. नाणी मासींनी उकळत्या पाण्यात टाकून धुतली. “दात कोणाचा पण पडू दे, पोट बिघडायला नको.” फाल्गुनी नाणं गरम गोळ्यात खुपसायची, मी वळायचे, निमी मोजायच्या नावाखाली तीळ खायची. अण्णा मध्येच दारात येऊन म्हणाले, “अरे वा, कसला बेत?” आईने ओठांवर बोट ठेवलं. तिला ते किती जड जात होतं हे तिच्या मानेवरच्या शिरांवरून कळत होतं.

“कुणाला सांगायचं नाही,” हंसामासींनी निमीला बजावलं. “आत काय आहे ते कोणालाच नाही. समजी?”

“समजी,” निमी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नळावर हंडे लागले. हंसामासींनी फाल्गुनीच्या आणि निमीच्या हातात एकेक टोपली दिली आणि त्या स्वतः आमच्या खिडकीत, पडद्यामागे, आईच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. फाल्गुनी सावलीसारखी गेली. हंडा भरण्यात गुंतलेल्या बाईच्या चुंबळीशेजारी लाडू ठेवायचा आणि पुढे व्हायचं. बाई मान वर करेपर्यंत ती तिसरीकडे. हंसामासींनी समाधानाने श्वास सोडला.

तिच्यामागून निमी आली. शेवंताबाईसमोर उभी राहिली, टाचा उंचावल्या, तोंडाशी हात धरला आणि मागांच्या खटखटीवर आवाज चढवून म्हणाली, “हे घ्या! कुणी दिलं ते सांगायचं नाही! आत पैसा आहे तेपण सांगायचं नाही! म्हणून हळू चावा!”

खिडकीत आईने डोळे मिटून घेतले. हंसामासींनी पडदा मुठीत पकडला. पण त्यांचे खांदे हलायला लागले होते, आणि मग त्या अशा हसल्या की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

“भाभी,” त्या डोळे पुसत म्हणाल्या, “हवे आने कोण चूप करशे? आता हिला कोण गप्प करणार?”

“तुम्ही बघा करून,” आई म्हणाली. “मला तर स्वतःलाच जमत नाही.”

नळावर शेवंताबाईने लाडू पदराला बांधला, निमीच्या गालावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली, आणि भिंतीपलीकडून येणाऱ्या बायकांकडे वळून हाक मारली, “अवं, या लवकर! आनि कोनलेच सांगू नका वं, मास्तरनी पोर गुपचूप पैसा वाटी ऱ्हायनी!”